टिटवीच्या पोरीची गाण्याची शिकवणी

माणसांना शिकवण्यांचं खूळ लागण्याच्याही आधीची गोष्ट. माळावरच्या एका टिटवीने आपल्या पोरीला घरी येऊन गाणं शिकवायला बुलबुल मास्तर लावले.

"आमच्यात सगळे नुसते किंचाळतात हो," ती म्हणाली. "हिचा तरी गळा गोड करा. चंडोलाची पोरगी बघा, कशी गाते!"

"बाई, तुमच्या किंचाळण्यानेच तर सगळा माळ सावध होतो," मास्तर चाचरत म्हणाले.

"तुम्ही सूर शिकवा, बाकीचं मी बघते."

ती प्रत्येक शिकवणीला शेजारी ठाण मांडून बसायची. पोरीचा आवाज जरा चढला, की टोचलीच चोच!

एका दुपारी मास्तर गेल्यावर आईसमोर रियाज चालू होता. गवतातून घरट्यातल्या आईच्या नव्या अंड्यांकडे सरकणारं मुंगूस पोरीला दिसलं. किंकाळी गळ्यापर्यंत आली, पण आईची चोच आठवून तिने ती गिळली आणि हळुवार आलाप घेतला, "मुंऽगूऽस आऽलंऽ..."

"शब्दांची घाई नको, आधी सूर," टिटवी डोळे मिटून म्हणाली.

तिने डोळे उघडले तेव्हा घरट्यात नुसती टरफलं होती. मुंगूस तोंड पुसत म्हणालं, "पोरीचा गळा फार गोड आहे हो!"

टिटवी धाय मोकलून रडली. पण रडता रडता, पोरीच्या गळ्याचं कौतुक झालं म्हणून तिला जरा बरंही वाटलं.