मुसाने गिळलेला ‘अ’

तांबुळगडचे महाराज हैबतराव जेवणाच्या टेबलावरून ताडकन उठले, आणि मुदपाकखान्याच्या मागच्या दाराशी भाजीची पाटी उतरवणाऱ्या गोजराला कळलं, की आपल्या हाथीचोकांचं काही खरं नाही.

हाथीचोक ही काटेरी फिरंगी भाजी. गडावर ती खाण्याजोगी आहे असं एकाच माणसाला वाटे: महाराजांचा फ्रेंच खानसामा गास्पार. त्याला सगळे मुसा म्हणत. त्याच्या भरवशावर गोजराने अर्ध्या मळ्यात तीच काटेरी बोंडं लावली होती. मुसा गेला असता तर ती तिच्या म्हशीनेही हुंगली नसती.

आणि आज मुसाची जायची पाळी आली होती. गोरा अजंटसाहेब जेवायला येईल त्या दिवशी चाकरांनीसुद्धा इंग्रजीच बोलायचं, असा महाराजांचा हुकूम होता. मुसाला इंग्रजी शिकवलं गोजराने. ती आईचं बोट धरून छावणीत भाजी विकायला जायची तेव्हापासून तिला गोऱ्यांशी घासाघीस करायची सवय. “मुसा, नगावर विकतात ते मेनी, मापावर विकतात ते मच. मेनी लेमन्स, मच मिल्क. तुमच्याकडे दोन्हींना एकच शब्द असेल, तर तो घरी ठेवून या.” मुसा तेवढं शिकला. जे शिकायचं राहिलं, ते आज नेमकं साहेबासमोर सांडलं.

साहेबाने वाढायला आलेल्या मुसाला सहज विचारलं, संस्थानात काय काय आहे? काही चांगले रस्ते आहेत, थोडंफार पाणी आहे, असं मुसाला सांगायचं होतं. छाती फुगवून तो म्हणाला, “फ्यू गुड रोड्स, सर. लिटल वॉटर.” म्हणजे रस्ते जवळजवळ नाहीतच, आणि पाण्याची बोंब! साहेबाने मान डोलावली आणि वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं. ती वही वर लाटसाहेबाकडे जायची. पंचाईत ही, की वाक्य खरं होतं.

दिवाणजी हळूच म्हणाले, “महाराज, हा साहेब लिहिलेलं अक्षर खोडत नाही. सख्ख्या आईने सांगितलं तरी नाही.”

“मग मुसा, ऐक,” महाराज म्हणाले. “साहेब चहा घेऊन निघेपर्यंत, एकही अक्षर न खोडता त्या वाक्याचा अर्थ फिरवून दाखव. नाहीतर संस्थानाबाहेर चालता हो.”

मुसा मुदपाकखान्यात येऊन कांद्याच्या पोत्यावर बसून रडायला लागला. “गोजराबाय, मी बरोबर बोलला. रोड नगावर, म्हणून फ्यू. वॉटर मापावर, म्हणून लिटल.”

“तेवढं बरोबर. पण ‘अ’ कुठं ठेवलात?”

“कुठला ‘अ’?”

गोजराने कपाळावर हात मारला. “अहो, ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे आहेत. नुसतं ‘फ्यू’ म्हणजे थोडेच आहेत. लिंबं थोडी आहेत म्हटलं की गिऱ्हाईक पिशवी उघडतं. थोडीच आहेत म्हटलं की पुढच्या दुकानात जातं. आम्ही ‘च’ लावून माल कमी करतो, गोरे ‘अ’ काढून कमी करतात. एवढासा ‘अ’, तोही तुम्ही गिळलात.”

पदराला हात पुसत ती तडक दिवाणखान्यात गेली आणि महाराजांना म्हणाली, “महाराज, खोडायचं काही नाही. दोन ‘अ’ घालायचे, झालं.”

दिवाणजी दचकले. “अगं, न्यायाला ‘अ’ लावला की अन्याय होतो! आहेत तेवढेही रस्ते जातील.”

“दिवाणजी, तुमचा ‘अ’ ताटातलं काढून घेणारा. हा विलायती आहे, तो वाढतो.”

शेजारीच चहा घेत बसलेल्या साहेबाला मराठी बरी येत होती, फक्त बाई आणि बुवा एकाच मापाने मोजायचा. गोजरा त्याच्याकडे वळली. “साहेब, तुमच्या वाक्यात दोन अक्षरं कमी पडलीत. ह्या फ्रेंच लोकांची तऱ्हाच निराळी. अक्षरं लिहितात, पण तोंडाने म्हणत नाहीत. त्या सवयीने मुसाने दोन ‘अ’ गिळले. खोडू नका, नुसते भरा.”

साहेब हसला आणि त्याने पेन्सिल काढली. पण होता बेरका. “मी भरतो. आधी तू सांग. तू रोज गाडीवर येतो. खरा काय? ‘अ’ हाय का नाय?”

महाराजांनी डोळे वटारले. आहे म्हणावं तर धडधडीत खोटं, नाही म्हणावं तर मुसाबरोबर आपलीही गाडी सीमेपार. गोजराने बोटं पुढे केली.

“साहेब, चांगले रस्ते दोन. एक महाराजांच्या शिकारीच्या रानाकडे जातो, दुसरा तुमच्या बंगल्याकडे. दोन्हींना मिळून ‘अ’ लागत नाही. तिसरा माझ्या मळ्यावरून गडावर आला, की आपोआप लागेल.”

साहेबाने पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवलं आणि तो महाराजांकडे पाहत राहिला. महाराजांनी मिशा चावल्या.

“दिवाणजी,” ते शेवटी म्हणाले, “रस्त्याचा हुकूम लिहा.”

हुकमाची शाई वाळायच्या आत साहेबाने पहिला ‘अ’ भरला. पेन्सिल पुढे सरकली. “नाऊ, पानी.”

“थांबा साहेब,” गोजरा म्हणाली. “पाण्याचा ‘अ’ एवढ्यात नको. माझ्या मळ्यात अजून विहीर कुठं आहे?”

महाराज असे हसले, की शेल्याने डोळे पुसावे लागले. “लिहा दिवाणजी, विहीरही लिहा. मुसा राहील आणि त्याची ती काटेरी भाजीही राहील. लवकर लिहा हो, नाहीतर ही पोरगी आमच्या राज्यालाच तुमचा तो काढून घेणारा ‘अ’ लावेल!” आणि हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी गोजराच्या हातात ठेवलं.