थोरलीचा दांडा

बंदुका बोलत होत्या तेव्हाची गोष्ट. धोंडजी शिकाऱ्याच्या भिंतीवर दोन रायफली टांगलेल्या असत. थोरलीचा काडतूस चढवायचा दांडा कारागिरानं ठोकून, कानशीनं घासून बसवलेला. धाकटीचा नुसता साच्यात ओतलेला. "म्हातारे, तुझी झळाळी गेली गं," धाकटी हिणवायची.

एकदा रानडुक्कर अंगावर आलं आणि ऐन वेळी धाकटीचा दांडा मोडला. धोंडजी झाडावर चढून कसाबसा वाचला. घरी येताच त्यानं थोरलीचा दांडा काढून धाकटीला बसवला. थोरलीला वाटलं, जाऊ दे, निदान माझी किंमत तरी कळली.

खंडेनवमीला शस्त्रं पूजताना झेंडूची माळ धाकटीच्याच गळ्यात पडली. पाहुण्यानं तिचा दांडा ओढून पाहिला. "काय मजबूत आहे हो!"

"नवी ती नवीच," धोंडजी मिशीवर ताव देत म्हणाला. "ती म्हातारी बघा, साधा दांडासुद्धा टिकला नाही तिचा."