चिंगी खारीचं गाणं

चिंगी नावाची एक खार होती. एवढीशी. तिनं एक गाणं म्हटलं. रेडिओवाल्या बाई ते यंत्रात भरून घेऊन गेल्या. आज चार वाजता ते लागणार होतं. एकदाच.

तीन वाजले. खर्र, खर्र, खट्. रेडिओ झाला गप्प.

"रेडिओआजोबा, रेडिओआजोबा, बोला ना.
माझं गाणं वाजेना."

"विजेची तार तुटलीय. तार जुळेल, तर बोलेन."

चिंगी निघाली. सुर्र सुर्र, सुर्र सुर्र.

"तारताई, तारताई, जुळ ना.
रेडिओ बोलेना,
माझं गाणं वाजेना."

"खांब पडलाय. खांब उठेल, तर जुळेन."

सुर्र सुर्र, सुर्र सुर्र.

"खांबूकाका, खांबूकाका, उठा ना.
तार जुळेना,
रेडिओ बोलेना,
माझं गाणं वाजेना."

"मी कधी आपणहून उठलोय? वायरमन येईल, तर उठेन."

सुर्र सुर्र, सुर्र सुर्र.

वायरमन भिवामामा चहा पीत होता.

"भिवामामा, भिवामामा, या ना.
खांब उठेना,
तार जुळेना,
रेडिओ बोलेना,
माझं गाणं वाजेना."

"अर्ज आणलास?"

चिंगीनं पिंपळाचं पान तोडून आणलं.

"अर्ज बरा आहे. वर शिक्का बसेल, तर येईन."

सुर्र सुर्र, सुर्र सुर्र.

शिक्का कचेरीत झोपला होता. सोमवारपासून.

"शिक्केसाहेब, शिक्केसाहेब, बसा ना.
वायरमन येईना,
खांब उठेना,
तार जुळेना,
रेडिओ बोलेना,
माझं गाणं वाजेना."

"शाई वाळलीय. शाई ओली होईल, तर बसेन."

"शाई ओली कोण करतं?"

"ते आमच्याकडे येत नाही," शिक्का म्हणाला, आणि परत झोपला.

कोपऱ्यात माठ होता. चिंगीनं माठात शेपटी बुडवली. शाईवर झटकली. टप टप, टप टप.

शाई झाली ओली.
शिक्का बसला. ठप्प. उलटा बसला.

भिवामामानं पान फिरवून पाहिलं. "उलटा आहे. पण आहे."

वायरमन आला.
खांब उठला.
तार जुळली.
खर्र, खर्र. रेडिओ बोलला.

टण, टण, टण, टण. चार वाजले.

"आता ऐका, चिंगी खारीचं गाणं."

चिक चिक चिक. चिक चिक चिक. चिक.

गाणं एवढंच होतं. सगळं गाव ऐकत होतं.

कावळा म्हणाला, "आवाज अगदी तुझ्यासारखा आहे गं."

"माझाच आहे," चिंगी म्हणाली.