लहानूचे मूठभर पीठ

प्रवरेकाठच्या पाथरवाडीत ख्रिस्ती साधू प्रभुदासबाबांचा मुक्काम असे, तेव्हाची ही गोष्ट. गावात ख्रिस्ती घरे मोजकीच. प्रभुभोजनाच्या रविवारी प्रत्येक घरून मूठभर पीठ यायचे, त्या पिठाची एकच भाकरी व्हायची आणि बाबा ती मोडून सर्वांना द्यायचे. ही रीत बाबांनीच घालून दिलेली.

मंडळीचे पंच होते शमुवेलराव. उपास चुकवायचे नाहीत, तंबाखूला शिवायचे नाहीत आणि हे सगळे लोकांना सांगायलाही विसरायचे नाहीत! त्या रविवारी लहानू पीठ घेऊन आला. हा एके काळी खळ्यावरून धान्य चोरणारा. तुरुंगातून सुटल्यावर बाबांच्या पायाशी बसून पार बदललेला. पंचांनी त्याला प्रभूच्या देवळाच्या दारातच अडवले.

"चांगल्या माणसांच्या भाकरीत चोराचं पीठ? ने परत!"

लोक हसले. "बरं, पंच," एवढेच म्हणून लहानू घरी गेला. बिचाऱ्याला प्रभूच्या पंगतीत जागा उरली नव्हती.

इकडे पंचांच्या पत्नी रिबेकाबाई भाकरी थापायला बसल्या. त्यांच्यासारखा हात अख्ख्या गावात नव्हता. पण भाकरी तव्यावर टाकायला उचलली, की तिचे तुकडे! उकळते पाणी घालून पाहिले, घरची नवी ज्वारी दळून आणली. तरी तेच. उपासनेची वेळ झाली, मंडळी ताटकळली. पंच बाबांकडे धावले.

बाबा शांतपणे म्हणाले, "कोणाची मूठ राहिली, पंच?"

"लहानूची," पंच पुटपुटले. "पण बाबा, तो चांगला माणूस नाही हो!"

"चांगला एकटा देव. आपण सगळे त्याच्याच चांगुलपणावर जगतो, तुम्हीही आणि लहानूही. पाऊस पाडताना तो शेत कोणाचं ते विचारतो का? जा, तुम्हीच घेऊन या त्याला."

लहानू उंबऱ्यावर डोळे पुसत बसला होता. पंचांना पाहून गडबडीने उठला.

"लहानू, तुझं पीठ हवंय रे. भाकरीच होईना."

"आवं, मग चला की बिगीबिगी!"

त्याचे जाडेभरडे पीठ मिसळले मात्र, भाकरी अखंड उचलली गेली आणि तव्यावर टम्म फुगली. धन्य ती प्रभूची करणी! रिबेकाबाईंनी पदराने डोळे टिपले.

पंगत बसली. बाबांनी पहिला तुकडा पंचांपुढे धरला. त्यांचा हात पुढे होईना. ते उठले आणि लहानूच्या पायांवर डोके ठेवून रडू लागले. "मी तुला प्रभूच्या दारातून हाकललं रे!"

लहानूने त्यांना दोन्ही हातांनी उठवले आणि सरकून जागा केली.

"हितं बसा, पंच. मला बी त्यानं असंच बसवून घेतलं."