सात वळणांची नदी

डोंगर एकमेकांशी बोलत होते, त्या काळातली गोष्ट. बर्फाच्या शिखराखालून एक लहानशी नदी निघे, कुरणात सात वळणं घेई आणि मग दरीतल्या मोठ्या नदीला मिळे. सातव्या वळणावर पाणचक्की होती. दळण सुरू करण्याआधी म्हातारा दौलू मूठभर पीठ पाण्यात सोडून म्हणे, "घे बाई, आधी तुझा घास."

मोठी नदी मात्र रोज टोचे, "आजही उशीर? रांगत येतेस की काय?"

लहान नदीला ते फार लागलं. उन्हाळ्यात बर्फ वितळून पाणी वाढलं, तशी ती काठ फोडून सरळ उतारावरून धावली. पाणचक्कीने हाक मारली, "अगं, इकडून!" तिने वळूनही पाहिलं नाही.

धापा टाकत ती खाली पोचली. मोठी नदी तेव्हा दुसऱ्याच एका ओढ्याला टोचत होती.

तिला परत फिरावंसं वाटलं. पण पाण्याला चढ चढता येत नाही, आणि नवी वाट तोवर खोल गेली होती.

कुरण वाळलं. पुढच्या वर्षी दौलू घरून पीठ घेऊन सातव्या वळणावर आला. कोरड्या गोट्यांवर मूठ सोडून म्हणाला, "घे बाई."

नदीला ते लांबून दिसलं. थांबून बघणंही तिच्या हातात नव्हतं.