नाडीची बाजू

ही गोष्ट सामन्याआधी कुणाला सांगायची नाही, असं आमच्या खेळाच्या बाईंनी बजावलं होतं. तरी सांगते.

इंग्लंडातल्या एका गिरणगावात एके काळी एक वृद्ध फुटबॉलपटू राहत असे. ऐन उमेदीची वर्षे त्याची युद्धात गेली. तरी उरलेल्या वर्षांत तो असा खेळला, की परक्या गावचे लोकही त्याच्यासाठी टोप्या उडवत. आयुष्यभर एकच संघ. सामन्याला जायचा तोही प्रेक्षकांच्याच बसने, बूट मांडीवर घेऊन. आता तो मुलांना खेळ शिकवी; मुले त्याला मास्तर म्हणत.

त्याचा एक शिष्य मैदानाच्या कोपऱ्यावरून चेंडू मारण्यात पटाईत होता. पण त्यावर गोल काही होत नसे. "शनिवारी तुझ्या चेंडूवर गोल झाला नाही, तर तुझ्या जागी दुसरा," असे संघचालकांनी सुनावले, तेव्हा तो तणतणत मास्तरांकडे आला.

"मास्तर, आपला पुढचा गडी भित्रा आहे. मी त्याच्या डोक्यावर आयता चेंडू देतो, आणि हा ऐन वेळी मान काढून घेतो!"

"असं? मग आज त्याच्या जागी तू उभा राहा. मारतो मी."

"तुम्ही? या गुडघ्यांनी?"

"गुडघ्यांचं मी बघतो. तू कपाळ सांभाळ."

त्या काळी चेंडू चामड्याचा असे, भिजला की विटेसारखा जड. आणि त्याचे तोंड बुटासारख्या जाड नाडीने आवळलेले. पहिल्याच चेंडूला शिष्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. नाडीने कपाळ सोलले होते. दुसऱ्या चेंडूला त्याने नकळत मान काढून घेतली.

"भित्रा!" मास्तर हसले.

मग ते कण्हत खाली बसले, चेंडू हाताने वळवून ठेवला आणि असा अलगद मारला, की तो फारसा फिरलाच नाही. कपाळावर नुसती थाप बसली. चेंडू जाळ्यात.

"हा वेगळा चेंडू होता?"

"तोच. नाडीची बाजू माझ्याकडे वळवून ठेवली, इतकंच. पोरा, चेंडू कुठं पडतो ते तू बघतोस. कुणाच्या कपाळावर पडतो, तेही बघत जा."

शिष्य कपाळ चोळत जाळ्यातला चेंडू आणायला गेला.

शनिवारी कोपऱ्यावर तो गुडघे टेकून बसला आणि चेंडू वळवू लागला. प्रेक्षक ओरडले, "अरे, अंडं उबवतोस काय?" पुढच्या गड्याने मात्र दुरून ते पाहिले. चेंडू आला. या वेळी त्याने मान काढून घेतली नाही. तो उंच उडाला, आणि चेंडू—

"अगं, सामना सुरू होतोय आणि तू लिहीत काय बसलीस? बूट घाल, बाई बोलावतायत!"