ढगातला प्रश्न

"आणि प्रश्न फिरवून विचारला तर, सर?"

विमान चालवायला शिकवणारे आमचे सदावर्ते सर चहा पीत होते. "तर तूही फिर त्याच्याबरोबर."

"थट्टा नका ना करू! दोनदा नापास झालेय. या खेपेलाही परीक्षा गेली, तर बाबा सरळ बॅग भरायला लावतील. मग कसलं विमान आणि कसलं काय..."



ही अश्लेषा जामदार. आमच्या तुकडीत विमान उतरवावं तर हिनंच. चाकं कधी टेकली ते कळायचंसुद्धा नाही. पण वैमानिकाची लेखी परीक्षा म्हटली की बाईसाहेबांचे हातपाय गार.

सर म्हणाले, "तू निकालाला भितेस. जरा प्रश्नाला भी."

आता याचा अर्थ काय घ्यायचा? सरांचं हे असंच. अर्धं बोलायचं आणि चहा संपवायचा.

अश्लेषानं मग आपला मार्ग धरला. घोकंपट्टी. जुने सगळे प्रश्न, अ-ब-क-ड पर्यायांसकट. आम्ही अर्धा प्रश्न वाचतोय तोवर ही म्हणायची, "क!" आणि असायचं 'क'च. जेवतानाही ओठ हलत असायचे. भीतीनं माणूस काय काय पाठ करू शकतो, बाप रे!

आणि झाली की पास. तीही घसघशीत गुणांनी.

पेढे घेऊन आली ती वेगळीच अश्लेषा. मान ताठ, चालणं ऐटीत.

"सर, आता चावी द्या."

लेखी परीक्षा पास झालं की आमच्याकडे घाटापलीकडे एकट्यानं विमान न्यायची मुभा मिळते. पण विमानाची चावी सरांच्या खिशात. त्यांचं मन मानल्याशिवाय ती बाहेर येत नाही.

सरांनी पेढा खाल्ला. बोटं पुसली.

"घाटावर ढगात सापडलीस. बाहेर काही दिसत नाही. कुणाचं ऐकशील?"

"समोरच्या यंत्रांच्या काट्यांचं. शरीराचं नाही, शरीर फसवतं." एका दमात. वर हसून, "हा तर पेपरातच होता, सर!"

"बस."

सरांच्या टेबलामागे फिरती खुर्ची होती. अश्लेषा तीत बसली.

"डोळे मीट. मान खाली."

सरांनी खुर्ची हळूहळू फिरवायला घेतली. एकाच गतीनं, न थांबता.

"कुठे चाललीस?"

"उजवीकडे."

खुर्ची फिरत राहिली... आम्ही आपले पेढे चघळत बघत होतो.

"आता?"

"आता थांबवलीत की!"

सरांनी थांबवली नव्हती. खुर्ची तशीच फिरत होती, उजवीकडेच. आमच्यातला एकजण फिसकन हसला. सरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

मग त्यांनी हात आडवा धरून खुर्ची अलगद थांबवली, आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

"आता?"

"डावीकडे... सर, जोरात फिरतेय! सर, पुरे! पडेन मी, धरा ना कुणीतरी!"

तिनं खुर्चीचे हात गच्च आवळले होते. खुर्ची जागची हलत नव्हती.

"डोळे उघड."

तिनं उघडले. खाली पाहिलं. खिडकीपाशी उभ्या सरांकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला. बोटं काही सुटेनात.

"पण... मला अगदी पक्कं वाटत होतं."

"हं."

"मी विमान उजवीकडे दाबलं असतं, सर. सरळ चाललेलं विमान. आणि खाली घाट..."

  आमचा पेढा तोंडात तसाच राहिला.



मग सरांनी खिशातून चावी काढली आणि तिच्यापुढे धरली.

ती खुर्चीतच मागे सरकली. "नको सर. आज नको. आता माझा माझ्यावरच विश्वास उरला नाही."

सरांनी तिचा हात ओढून घेतला, चावी तळव्यावर ठेवली आणि मूठ मिटली.

"माझा आत्ताच बसला."